'खुर्चीवरून उतरला म्हणून सापडला', बरोबर, मग पुढे काय?

ताई, मी एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि पुढे इंटरनॅशनल क्रिमिनल लॉमध्ये एलएलएम करायचंय. बाबा कोर्टात नोकरीला होते, बेलीफ म्हणून (समन्स, हुकूम बजावायला) लागले आणि नाझर, म्हणजे बेलिफांचे वरिष्ठ, होऊन रिटायर झाले. मध्ये एकदा जेवताना टीव्हीवर फिलिपाइन्सचा माजी राष्ट्राध्यक्ष दुतेर्ते याच्यावरच्या, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयातल्या केसचं काहीतरी चालू होतं तर बाबा म्हणाले, 'हेगचं कोर्ट म्हणजे बिनबेलिफाचं कोर्ट. खुर्चीवरून उतरला म्हणून सापडला, खुर्चीत असता तर कोणाची टाप होती हात लावायची?' मग मी बोलत गेले, ते बोलत गेले आणि शेवटी माझ्या तोंडून गेलं की तुम्ही जन्मभर नुसते कागद इकडचे तिकडे केलेत, तुम्हाला यातलं काय कळणार. तेव्हापासून अबोला. पण खरं सांगू का, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाहीये. जगाला असं कोर्ट खरंच लागतं का? की मी एका शोभेच्या वस्तूच्या मागे लागलेय? आणि बाबांशी बोलायला सुरुवात कशी करू?
— अबोल

अबोल,

टोपणनाव मजेशीर घेतलंयस, पत्र चांगलं लांबलचक होतं, इथे कापून छापलंय.

आधी बाबांचं बघू कारण ते त्यातल्या त्यात सोपंय. तू बोललीस ते जिव्हारी लागेल असं बोललीस हे तर आहेच, पण वर ते चुकीचंही आहे, आणि ज्या विषयात तुला एलएलएम करायचंय नेमकं त्याच विषयात चुकीचं आहे. अगं, या असल्या केसेस बऱ्याचदा कागदांवरच उभ्या राहतात. चाड देशात हिसेन हाब्रे नावाचा हुकूमशहा होता, १९८२ ते १९९० सत्तेत, त्याचे खास राजकीय पोलीस लोकांना उचलायचे, छळायचे, मारायचे. सत्ता गेल्यावर हा सेनेगलला पळाला आणि डाकारमध्ये निवांत राहायला लागला. पुढे २००१ मध्ये मानवी हक्कांचं काम करणारी माणसं त्या पोलिसांच्या सोडून दिलेल्या जुन्या ऑफिसात शिरली तर आत जमिनीवर नुसते कागदच कागद, हजारोंनी, धुळीत पडलेले. कैद्यांच्या रोजच्या याद्या, चौकशीचे रिपोर्ट, मृत्यूचे दाखले. म्हणजे कोणीतरी कारकून रोज सकाळी येऊन टेबलाशी बसून हे सगळं नीट लिहून ठेवत होता ना! त्या कागदांतून कोठडीत गेलेल्या १,२०८ माणसांची नावं निघाली आणि ज्यांच्यावर अत्याचार झाले असे एकूण १२,३२१ लोक. २०१६ मध्ये डाकारमध्येच हाब्रेला जन्मठेप झाली. सत्ता जाऊन पंचवीस वर्षं उलटून गेली होती. (हे हेगचं कोर्ट नव्हे, सेनेगल आणि आफ्रिकन युनियनने मिळून खास या खटल्यासाठी बसवलेलं कोर्ट होतं, ते का महत्त्वाचं ते पुढे येतंच.)

तेव्हा बाबांकडे जा, 'चुकलं माझं' म्हण आणि तिथे थांब, 'पण तुम्ही पण ना' हे शेपूट लावू नकोस. आणि मग त्यांना ही कागदांची गोष्ट सांग. मला वाटतं अबोला तिथेच संपेल, कारण कोर्टाच्या कागदांत आयुष्य काढलेल्या माणसाला अशी गोष्ट ऐकून गप्प बसवत नाही.

आता मुख्य प्रश्न. 

बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरंय, आणि तू ते खोडायला गेलीस इथेच तुझं भांडण हरलं. या कोर्टाकडे स्वतःचा एक साधा हवालदारसुद्धा नाही. १७ जुलै १९९८ ला रोममध्ये करार झाला, १२० देश बाजूने, ७ विरोधात, २१ तटस्थ, आणि १ जुलै २००२ पासून कोर्ट सुरू झालं, तेव्हापासून आजपर्यंत प्रत्येक अटक ही कुठल्यातरी देशाच्या सरकारने करून दिलेली आहे. सरकारला नको असेल तर नाही होत. सुदानच्या ओमर अल बशीरचं बघ, पदावर असलेल्या राष्ट्राध्यक्षावर या कोर्टाने काढलेलं पहिलं वॉरंट, मार्च २००९, दारफूरमधल्या अत्याचारांसाठी. जून २०१५ मध्ये हे महाशय दक्षिण आफ्रिकेत परिषदेला आले, दक्षिण आफ्रिका म्हणजे कोर्टाचा सदस्य देश, अटक करायला बांधील. तिथल्या एका संस्थेने हायकोर्टात धाव घेतली, प्रिटोरियाच्या हायकोर्टाने सांगितलं की निकाल लागेपर्यंत यांना देश सोडू देऊ नका, आणि इकडे सुनावणी चालू असतानाच तिकडे लष्करी विमानतळावरून त्यांचं विमान उडालं. बाबांना हा किस्सा सांग, ते मांडीवर थाप मारून हसतील, 'आरोपी मागच्या दाराने गेला' हे त्यांनी स्वतःच्या नोकरीत किती वेळा बघितलं असेल.

पण मग त्यांना एक विचार. बेलीफ असताना किती समन्स 'घर बंद, इसम मिळून आला नाही' असा शेरा मारून परत आणली? किती दरखास्ती (बजावणीचे अर्ज) वर्षानुवर्षं पडून राहिल्या, हातात हुकूमनामा असून ताबा मिळाला नाही? आणि त्यावरून कधी असं वाटलं का की कोर्टाला कुलूप लावावं? शेरा मारून कागद परत फाइलला लागायचा आणि पुढची तारीख पडायची. हेगमध्ये हेच चालतं, फक्त तारखा खूप लांबच्या पडतात.

आणि बाबांच्या त्या वाक्यात, खुर्चीवरून उतरला म्हणून सापडला, त्यात या कोर्टाचं सगळं बलस्थान आलंय, त्यांनी ते टोमणा म्हणून मारलंय एवढंच. कोर्टाच्या कायद्यात कलम २७ सांगतं की राष्ट्राध्यक्ष असलात तरी सूट नाही, आणि कलम २९ सांगतं की या गुन्ह्यांना मुदतीचा कायदा लागू नाही. म्हणजे वॉरंट निघालं की ते तसंच राहतं, दहा वर्षं, वीस वर्षं. खुर्चीचं तसं नसतं. दुतेर्ते २०२२ पर्यंत राष्ट्राध्यक्ष होता, त्याने मार्च २०१९ मध्ये देशच कोर्टातून बाहेर काढला, पण सदस्य असतानाच्या काळात त्याच्या ड्रग्जविरोधी मोहिमेत जी माणसं मारली गेली त्याचा हिशोब बाहेर पडून पुसला जात नाही. मग नवीन राष्ट्राध्यक्ष मार्कोस आणि दुतेर्ते घराणं यांचं बिनसलं आणि ११ मार्च २०२५ ला हाँगकाँगहून परत येताना मनिलाच्या विमानतळावरच त्याला धरला आणि त्याच दिवशी हेगच्या विमानात बसवला. न्याय म्हणून केलं का? छे, त्यांच्या आपसातल्या भांडणातून केलं. पण भांडण झालं तेव्हा हेगचा तपास आधीच चालू होता, म्हणून त्यातून वॉरंट निघू शकलं. तो नसता तर भांडणातून नुसतीच दुसरी कुठलीतरी सूडाची केस निघाली असती.

हे एकट्याचं नाही. सर्बियाच्या मिलोसेविचवर १९९९ मध्ये युगोस्लाव्हियासाठीच्या खास कोर्टाने (तेही हेगमध्येच) आरोप ठेवले तेव्हा तो युगोस्लाव्हियाचा राष्ट्राध्यक्ष होता आणि सगळे हसत होते, २००० मध्ये सत्ता गेली, २००१ मध्ये त्याच्याच देशाच्या नव्या सरकारने त्याला हेगला पाठवून दिलं. (निकाल लागायच्या आधी २००६ मध्ये तो कोठडीत वारला, हेही खरं, आणि ते लोकांना अजून खुपतं.) लायबेरियाच्या चार्ल्स टेलरचं तर आणखी भारी, २००३ मध्ये हा घानामध्ये शांतता चर्चेला गेलेला असतानाच त्याच्यावरचं आरोपपत्र जाहीर झालं. सगळे ओरडले की आता शांतता गेली, हा कशाला खुर्ची सोडेल. त्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये खुर्ची सोडली, २००६ मध्ये पकडला गेला आणि २०१२ मध्ये सिएरा लिओनसाठीच्या कोर्टाने ५० वर्षांची शिक्षा दिली. 'वॉरंट काढलं की हुकूमशहा जास्त चिकटून बसतो' हा आक्षेप अगदीच फालतू आहे असं मी म्हणत नाही, पण तो जितक्या ठामपणे सांगितला जातो तितका पक्का नाही.

आणि बोस्को न्टागांडा! काँगोचा बंडखोर सेनापती, वर्षानुवर्षं वॉरंट डोक्यावर घेऊन राजरोस फिरत होता, मार्च २०१३ मध्ये स्वतःच्याच गटात फाटाफूट होऊन जिवावर बेतलं तेव्हा रवांडात किगालीच्या अमेरिकन वकिलातीत आपल्या पायाने चालत गेला आणि म्हणाला मला हेगला पाठवा. गंमत अशी की अमेरिका या कोर्टाची सदस्यही नाही. ३० वर्षं झाली त्याला.

आता हे कोर्ट नसतं तर काय असतं? दोनच गोष्टी. एक म्हणजे काहीच नाही. दुसरी म्हणजे जिंकलेल्यांचं कोर्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्ग आणि टोकियोचे खटले झाले, तिथे ज्यांचा न्याय झाला ते सगळे हरलेल्या बाजूचे. टोकियोच्या ११ न्यायाधीशांमध्ये आपले राधाबिनोद पाल होते, त्यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवणारं वेगळं निकालपत्र लिहिलं. त्यांची मतं सगळी पटत नाहीत मला, पण जिंकलेला माणूसच फिर्यादी आणि तोच न्यायाधीश हे कसं चालेल हा त्यांचा प्रश्न अजून तसाच उभा आहे. मग १९९३ मध्ये युगोस्लाव्हियासाठी आणि १९९४ मध्ये रवांडासाठी सुरक्षा परिषदेने वेगवेगळी कोर्टं बसवली, त्यांनी चांगलं कामही केलं, युगोस्लाव्हियाच्या कोर्टाने १६१ जणांवर आरोप ठेवले आणि शेवटी एकही फरारी उरला नाही. बाबांना हा आकडा आवडेल. पण दर वेळी कत्तल होऊन गेल्यावर पाच बड्यांची परवानगी घेऊन नवीन कोर्ट बांधायचं, जागा शोधायची, माणसं नेमायची, तोपर्यंत पुरावा कुठे राहतो? आणि परवानगी मिळतेच असं नाही. कायमचं कोर्ट हवं ते म्हणून.

एक घोळ तुझ्या पत्रातही दिसला म्हणून सांगते, हेगमध्ये दोन मोठी कोर्टं आहेत. एकात देश देशावर केस करतो, ते संयुक्त राष्ट्रांचं. तू म्हणतेस ते दुसरं, तिथे आरोपीच्या पिंजऱ्यात माणूस असतो, देश नाही. आणि गुन्हे चारच: वंशसंहार, मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि आक्रमण. फाशी नाही.

आता दुखरी जागा, आणि इथे मी कोर्टाची वकिली करणार नाही. बळी तो कान पिळी हे तिथेही चालतंच. अमेरिका, रशिया, चीन तिघेही बाहेर. बाहेरच्या देशात गुन्हा झाला आणि आरोपीही बाहेरचाच असला तर एरवी सुरक्षा परिषदेने पाठवल्याशिवाय कोर्टाला हात घालता येत नाही, आणि तिथे या तिघांना नकाराधिकार. २०१४ मध्ये सीरियाचं प्रकरण पाठवायचा ठराव आला, रशिया आणि चीनने हाणून पाडला, संपलं. सुरुवातीची कितीतरी वर्षं सगळे तपास आफ्रिकेतच होते, त्यामुळे तिथले लोक चिडले तर नवल काय, बुरुंडी तर २०१७ मध्ये बाहेरच पडला. पुतिनवर मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं, युक्रेनमधली मुलं पळवून नेल्याबद्दल, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मंगोलियाने, जो सदस्य आहे, त्याचं स्वागत लाल गालिचा टाकून केलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतन्याहूवर निघालं, तर अमेरिकेने २०२५ मध्ये उलट कोर्टाच्याच मुख्य वकिलावर निर्बंध लादले, पुढे न्यायाधीशांवरही, आणि हंगेरीने नेतन्याहूला पाहुणा म्हणून बोलावून वर कोर्ट सोडायची घोषणा केली. पुतिनचं वॉरंट निघाल्यावर न्याय झाला म्हणून टाळ्या वाजवणारे किती जण पुढच्या वर्षी एकदम कायद्याचा कीस काढायला लागले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय (आणि उलटेही, तेही आहेतच).

म्हणजे बाबांचा राग योग्य आहे, फक्त पत्ता बदलायला हवा. वॉरंट काढणाऱ्याने आपलं काम केलं, बजावणी ज्यांच्याकडे होती त्यांनी पाहुणचार केला.

कोर्टाचं स्वतःचं अपयश वेगळं आहे आणि ते मला जास्त टोचतं. २००७-०८ मध्ये केनियात निवडणुकीनंतर दंगली झाल्या, हजाराच्या वर माणसं गेली, केनियाच्या संसदेने स्वतःचं कोर्ट बसवायचं टाळलं म्हणून प्रकरण हेगला आलं. आरोपी कोण, तर केन्याटा आणि रुटो, जे २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. मग साक्षीदार एकेक करून फिरले, कोणाला आमिष, कोणाला धमकी, कोणी गायबच. डिसेंबर २०१४ मध्ये केन्याटावरचे आरोप मागे घ्यावे लागले, २०१६ मध्ये रुटोची केसही संपली, आणि २०२२ मध्ये रुटो राष्ट्राध्यक्ष झाला. साक्षीदार फितूर होणं म्हणजे काय हे तुला पुस्तकातून कळेल त्यापेक्षा बाबांकडून लवकर कळेल. हजारो मैलांवर बसून गावातल्या साक्षीदाराला कसं सांभाळणार, हा प्रश्न कोर्टाने आधी सोडवायला हवा होता. २००२ पासून आजवर मूळ गुन्ह्यांत दोषी ठरलेली माणसं दोन हातांच्या बोटांवर मावतील, आणि २०२५ चं बजेट साधारण १९.५ कोटी युरो. हा हिशोब कोणी मांडला तर चिडू नकोस.

पण त्या हिशोबात एक गोष्ट धरली जात नाही. हे कोर्ट मुळात पहिल्या नंबरचं नाहीच. देशाने स्वतः प्रामाणिकपणे खटला चालवला तर हेगला हात लावता येत नाही, देश चालवायला तयार नसेल किंवा त्याच्यात ताकद नसेल तेव्हाच हेग. त्यामुळे त्याचं बरंचसं काम हेगच्या बाहेर होतं. कोलंबियाने २०१६ च्या शांतता करारातून स्वतःचं खास कोर्ट उभं केलं, हेगवाले वर्षानुवर्षं तिकडे डोळे लावून बसलेले होते हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं, आणि २०२१ मध्ये हेगने आपली प्राथमिक चौकशी बंद केली की हे चालवतायत, चालवू दे. सीरियाचं दार नकाराधिकाराने बंद झालं तर जर्मनीने कोब्लेन्झ शहरातल्या आपल्या साध्या कोर्टात खटला उभा केला, सीरियाच्या गुप्तचर खात्याचा एक माजी कर्नल जर्मनीत निर्वासित म्हणून राहत होता, जानेवारी २०२२ मध्ये त्याला जन्मठेप. हाब्रेचं डाकारचं कोर्टही याच जातीचं. मला विचारशील तर जगाला हेगची गरज आहे ती मुख्यतः घरच्या कोर्टांना टाळाटाळ करता येऊ नये म्हणून, सगळ्या जगाचा न्याय एका इमारतीत करायला नाही. ते तिला झेपणारही नाही.

भारताबद्दल तू ताजा कलममध्ये विचारलंयस. १९९८ मध्ये आपण त्या २१ तटस्थांमध्ये होतो. आपले आक्षेप असे की सुरक्षा परिषदेला खटले पाठवायचा आणि वर्ष वर्ष थांबवायचा अधिकार का, अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत का नाही, दहशतवाद का नाही. पहिला आक्षेप मला अगदी रास्त वाटतो. तरी हेही लक्षात ठेव की हाच बशीर ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीला परिषदेला येऊन गेला, आपण सदस्य नसल्याने आपल्यावर बंधन नव्हतं. एलएलएमच्या मुलाखतीत यावरून तुला कोणीतरी घोळात घेणारच, तयारी ठेव.

तर एलएलएम कर. फक्त हेगमधल्या नोकरीवर डोळा ठेवून करू नकोस, तिथे जागा किती आणि रांग किती. पुराव्याचा कायदा पक्का कर. काँगोचा बंडखोर म्होरक्या लुबांगा याच्यावर कोर्टाचा पहिला निकाल २०१२ मध्ये लागला, लहान मुलांना लढायला लावल्याबद्दल १४ वर्षं, त्यात एका ट्रेनिंग कॅम्पचा २००३ चा व्हिडिओ होता, हा सैनिकी कपड्यात भाषण देतोय आणि समोर उघड दिसतील अशी पंधरा वर्षांखालची पोरं उभी. आता तर प्रत्येक युद्धाचे लाखो व्हिडिओ निघतात, तो कोणी काढला, कधी, कुठे, मधे कोणाच्या हातातून गेला, काही कापलंय का, हे कोर्टात टिकेल असं सिद्ध करणारी माणसं हवीयत, आणि ती कोब्लेन्झसारख्या ठिकाणीही लागतात. एखादा कागद कोणाकडून कोणाकडे गेला आणि कुठल्या तारखेला, याची नोंद कशी ठेवायची ते घरातच फुकट शिकायला मिळेल तुला. आणि फी बाबा भरणार असतील तर फॉर्म पुढे करायच्या आधी बोलणं सुरू कर, नंतर केलंस तर वेगळंच दिसेल ते.

— ताई